लेन्स तांदळाच्या डब्यात? जरा थांबा

‘पावसाळ्यात कॅमेऱ्याची लेन्स तांदळात पुरून ठेवा, बुरशी लागत नाही’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. पटतोही, कारण मिठात तांदळाचे दाणे टाकायची पद्धत घराघरांत आहे. मीही एक पावसाळा हेच केलं.

पण उघड्या पोत्यातला तांदूळ भोवतालच्या हवेइतकाच कोरडा असतो. जुलैत कोल्हापुरात दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, तेव्हा तो स्वतःच सादळलेला. लेन्सची ओल काय ओढणार? शिवाय त्याची पांढरी भुकटी फोकसच्या रिंगेत शिरते, हे मला जास्त काळजीचं वाटतं.

खात्री करायचीय? दोन हवाबंद डबे घ्या. एकात तांदूळ, दुसऱ्यात तेवढंच कोरडं सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), दोन्हींत छोटा आर्द्रतामापक. दुसऱ्या दिवशी आकडे बघा. ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता रेंगाळली की बुरशीची भीती. ४० ते ५० उत्तम. नारंगी जेल ओल शोषून हिरवं पडलं की तापवून पुन्हा वापरता येतं, फक्त स्वयंपाकाच्या भांड्यात नको. आणि रंकाळा तलावावर जरा उघडीप मिळाली की लेन्स घेऊन बाहेर पडा. बंद बॅगेत महिनोन्महिने पडलेल्या लेन्सलाच बुरशी आधी गाठते.