पार्श्वभूमी : तेलगळतीनंतर समुद्रतळाचं काय होतं?

तेलगळती म्हटली की पाण्यावरचा काळा तवंग आणि तेलाने माखलेले पक्षी डोळ्यांसमोर येतात. तळातल्या वाळूत, गाळात राहणारे काही मिलिमीटर लांबीचे जीव फार काळ कुणाच्या खिजगणतीत नव्हते. मार्च १९६७मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ 'टोरी कॅन्यन' हा टँकर खडकावर आदळला. तेव्हा किनारे धुण्यासाठी हजारो टन डिटर्जंट वापरलं गेलं आणि खडकांवरचे शंखशिंपले तेलापेक्षा त्यानेच जास्त मेले.

खालच्या गाळाकडे लक्ष गेलं ते १९६९च्या सप्टेंबरात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वेस्ट फॉलमाउथजवळ 'फ्लोरिडा' नावाचा बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) फुटून सुमारे ७ लाख लिटर इंधन तेल सांडलं. वुड्स होलची समुद्रविज्ञान संस्था जवळच होती. तिथले हॉवर्ड सँडर्स तळाचे नमुने घेऊ लागले, तर मॅक्स ब्लूमर गाळातलं तेल रासायनिक चाचण्यांनी शोधू लागले. वाळूत नळी बांधून राहणारे अँपेलिस्का हे छोटे कवचधारी मेले होते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कॅपिटेला हा किडा बेसुमार वाढला होता. नुसती डोकी मोजली असती तर तळ भरलेला दिसला असता. कोण उरलं आहे, हे पाहणं गरजेचं होतं. तिथल्या खाजणाच्या चिखलात ३० वर्षांनंतरही ते तेल सापडलं.

माझ्या मते या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची नोंद फ्रान्सच्या ब्रिटनीतली आहे. १६ मार्च १९७८ रोजी पोर्सालजवळ 'अमोको कॅडिझ' हा टँकर फुटला आणि सुमारे २ लाख २० हजार टन कच्चं तेल समुद्रात गेलं. समुद्र खवळलेला होता, त्यामुळे तेल घुसळून खोलवर गेलं. मॉर्ले उपसागरातल्या पियेर न्वार या ठिकाणी १९७७पासूनच तळाचे नमुने घेतले जात होते. गळतीआधीचं चित्र हातात असल्यामुळे काय गेलं ते नेमकं सांगता आलं. अँपेलिस्काच्या बहुतेक जाती जवळपास नाहीशा झाल्या, आणि त्या सावरायला दहाहून अधिक वर्षं लागली. याचं कारण त्यांच्या जीवनचक्रात आहे. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत उबवते, पिल्लं तिथेच वाळूत राहतात. पाण्याबरोबर दूर तरंगत जाणारी अळी-अवस्था त्यांना नाहीच. एकदा वस्ती बुडाली की दुसरीकडून भरपाई सहज होत नाही.

पुढे १९८०च्या दशकात सूत्रकृमी (दोऱ्यासारखे बारीक कृमी) आणि कोपेपॉड (अगदी छोटे कवचधारी) यांच्या संख्येच्या गुणोत्तरावरून प्रदूषण ओळखण्याची कल्पना मांडली गेली. कोपेपॉड तेलाला लवकर बळी पडतात, सूत्रकृमी तग धरतात. त्यावर वादही झाले, पण २०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या खोदकाम-मंचाची तेलविहीर फुटली तेव्हा हीच मोजणी कामी आली. सुमारे १,५०० मीटर खोलीवरच्या त्या तळाची ब्रिटनीसारखी आधीची सलग नोंद नव्हती. म्हणून विहिरीजवळच्या आणि दूरच्या जागांची तुलना करावी लागली. त्यातून सुमारे २४ चौरस किलोमीटर तळाची गंभीर, तर आणखी १४८ चौरस किलोमीटरची मध्यम हानी झाल्याचा अंदाज २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या थंड, अंधाऱ्या खोल पाण्यात तळ सावरायला काही दशकं लागू शकतात, असंही अभ्यासकांनी तेव्हा नोंदवलं.