सळई कशाला अडली? हंगामी गोठण आणि पर्माफ्रॉस्ट

अलास्कातल्या फेअरबँक्सच्या ईशान्येला कॅरिबू-पोकर क्रीक्स हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र १९६९पासून संशोधनासाठी राखलेलं आहे. तिथे मे महिन्याच्या सुरुवातीला जमिनीत पोलादी सळई खुपसली, तर दक्षिण उतारावरही ती अडू शकते आणि उत्तर उतारावर तर अडतेच. लागलेला थर हंगामी गोठणीचा की पर्माफ्रॉस्टचा, हे हाताला कळत नाही.

फरक मुदतीचा आहे. लागोपाठ किमान दोन वर्षं शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. त्यात बर्फ असलाच पाहिजे असं नाही, तेवढा थंड राहिलेला कोरडा खडकही त्यातच मोडतो. पर्माफ्रॉस्टसाठी ‘बर्फाळ जमीन’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो. हंगामी गोठण मात्र हिवाळ्यात वरून खाली उतरते आणि उन्हाळ्यात निघून जाते. त्यामुळे खरी मोजणी उन्हाळ्याच्या अखेरीस करतात.

गोंधळ वाढतो तो उत्तर उतारावर, कारण तिथे दोन्ही एकावर एक असतात. वरचा थर दर उन्हाळ्यात मोकळा होतो, त्याला सक्रिय थर म्हणतात. ‘पर्माफ्रॉस्ट दरवर्षी वितळतो’ असं कुणी म्हणतं, तेव्हा बहुतेक वेळा हाच थर मनात असतो. दक्षिण उतारावर ऊन थेट पडतं, तिथे बर्च आणि अॅस्पेन वाढतात. उत्तरेकडे काळा स्प्रूस आणि शेवाळाची जाड गादी. उन्हाळ्यात कोरडं शेवाळ उष्णता खाली जाऊ देत नाही, हिवाळ्यात तेच ओलं होऊन गोठलं की जमिनीतली उष्णता सहज बाहेर सोडतं.

ओढ्यांकडे पाहिलं की हा फरक आणखी स्पष्ट होतो. सी-२ या उपपाणलोटात पर्माफ्रॉस्ट जेमतेम ४ टक्के, सी-३मध्ये ५३ टक्के. सी-३वरचा पाऊस कातळावर पडल्यासारखा वरच्यावर वाहतो: ओढा झपकन फुगतो, पटकन उतरतो आणि शेवाळ-मातीतला सेंद्रिय कार्बन सोबत आणतो. सी-२मध्ये पाणी खोल मुरतं, म्हणून ओढा संथ वाहतो आणि त्यात खनिजं जास्त.

जुलै १९९९मध्ये सी-४ या उपपाणलोटात संशोधकांनी मुद्दाम आग लावून अभ्यास केला. शेवाळाची गादी जळाली की सक्रिय थर खोल होत जातो. तो इतका खोल गेला की हिवाळ्याची गोठण तळाशी पोहोचतच नाही, तर दोन थरांच्या मध्ये न गोठलेल्या मातीचा पट्टा वर्षभर उरतो.