मेणवलीच्या वाड्यात उशिरा पोचणारं ऊन

वाईजवळच्या मेणवलीला जायचं तर एप्रिलच्या भर दुपारी जावं. बाहेर तळपाय भाजत असतात, आणि चौकालगतच्या सोप्यात भिंतीला पाठ टेकली की गार लागतं. नाना फडणवीसांना हे गाव १७६८ मध्ये मिळालं. कृष्णेच्या काठी त्यांनी सहा चौकांचा वाडा, घाट आणि देवळं उभी केली. घाटावर टांगलेली मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. पण मला ओढ त्या भिंतींची.

देशावरच्या वाड्यांची रीत साधारण एकच. दगडी जोतं, वर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, आणि मधे वीट किंवा पांढऱ्या मातीची जाड भिंत. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून ती पिकाला चांगली आणि भिंतीला वाईट. पांढरी फारशी फुगत नाही.

ऊन अशा भिंतीत लाटेसारखं शिरतं. बाहेरची बाजू तापते, उष्णता इंचाइंचाने आत सरकते, तोवर सूर्य मावळतो आणि शिरलेली बरीचशी उष्णता आल्या वाटेने परत फिरते. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीचं गणित मांडलं तर ही लाट पार व्हायला पंधराएक तास लागतात. म्हणजे दुपारी दोनचं ऊन आत पोचतं पहाटे पाचला! तेही कसलं, मूळ चढउताराचा विसावा हिस्सासुद्धा उरलेला नसतो. रात्री चौकाची फरशी उघड्या आभाळाकडे उष्णता सोडून निवते, गार हवा जड म्हणून खाली बसते आणि तिथून सोप्यात पसरते. आभाळ भरून आलेलं असेल त्या रात्री मात्र हे जमत नाही.

पाण्याचा मामला जास्त नाजूक. जमिनीतली ओल भिंतीत दिव्याच्या वातीतल्या तेलासारखी वर चढते. लाकडाला ती लागू नये म्हणून खांब दगडी तळखड्यावर उभा करतात. भिंतीत चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जाते.

चुना मुळात दगडच. शंभर किलो शुद्ध चुनखडी नऊशे अंशांच्या आसपास भाजली की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि छप्पन्न किलो कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला की हवेतून तोच वायू शोषत पुन्हा दगड होऊ लागतो. फार सावकाश, जाड थराच्या पोटात वर्षानुवर्षं. पण हा दगड सच्छिद्र असतो.

आता होतं काय, की भिंत जरा खचली की मालक गवंडी बोलावतो आणि सिमेंट थापून घेतो. आमच्या गावच्या माजघरातही हेच केलं. सिमेंटच्या घट्ट थराने ओलीची बाहेरची वाट अडते. ती अधिक वर चढते, तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन फुगतात आणि भिंतीला लोणा लागतो. आमच्याकडे तिसऱ्या पावसाळ्यानंतर कमरेएवढ्या उंचीवरचा पापुद्रा नखाने उचलला, तर मागची माती पिठासारखी ओंजळीत आली.