माकडताप माकड चावून होत नाही

दोडामार्गात काजूचा हंगाम आला की जुनं वाक्य पुन्हा फिरतं: माकड चावलं, ताप आला. चूक. माकड बिचारं स्वतःच या तापानं मरतं. विषाणू माणसात शिरतो तो गोचिडीच्या चाव्यातून, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी आसपासच्या पाल्यात असतात. म्हणून तिथे जायचं नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं.

'लाइम रोगासारखाच की, अँटिबायोटिक घ्या' हा सल्ला नवा. लाइमही गोचिडीमुळेच होतो, पण तो बॅक्टेरियाचा. मज्जासंस्थेत पोचला तरी अँटिबायोटिक लागू पडतं. माकडतापाच्या विषाणूपुढे ते निरुपयोगी. काहींचा ताप आठवडा-दोन आठवड्यांनी उलटतो. मान आखडते, हात थरथरतात, भ्रम होतो. १९५७ साली कर्नाटकात ओळखलेल्या या रोगावर खास औषध अजून नाही. संशोधन हवं ते इथे.