झाकण बंद, तरी आकडा का चढतो?
(फोटॉन-पेटी घेतलेल्या शाळा-कॉलेजांसाठी)

आम्ही बनवतो ती फोटॉन-पेटी म्हणजे प्रकाशाचे सुटे कण (फोटॉन) टिपून आकाशातून येणारे कण मोजणारं यंत्र. पेटी पोचली की आठ-दहा दिवसांत आम्हाला एक फोन येतो. शब्द वेगळे, गाऱ्हाणं तेच. "भाऊ, पेटी बिघडलेली दिसते. झाकण लावलं, वरून काळा कपडा टाकला, खोलीतला लाइट बंद केला, तरी हे मोजूनच राह्यलं! काय मोजून राह्यलं ते तरी सांगा." एका सरांनी तर पेटी एसटीच्या पार्सलनं परत पाठवली होती. आम्ही ती उघडली, तपासली आणि जशीच्या तशी पुन्हा त्यांच्याकडे रवाना केली, कारण तिला काही झालेलंच नव्हतं. हे पत्रक म्हणजे त्या फोनचं उत्तर. पेटी गुंडाळण्याआधी एकदा वाचा, पार्सलचं भाडं वाचेल.

आधी पेटीत काय आहे ते. पाच सेंटिमीटर लांब-रुंद आणि एक सेंटिमीटर जाड अशा खास प्लास्टिकच्या दोन वड्या आहेत. आकाशातून आलेला वेगवान कण आत शिरला की हे प्लास्टिक क्षणभर निळसर चमकतं. याला सिंटिलेटर म्हणतात. प्रत्येक वडीला तीन मिलिमीटरची एक सिलिकॉन चिप चिकटवलेली आहे, आणि खरी किंमत तिचीच आहे. चिप आम्ही बनवत नाही, ती परदेशातून येते. आर्वीजवळच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही तिचा विद्युतपुरवठा, मोजणीचं सर्किट आणि डबा एवढं करतो. हे सांगून टाकलेलं बरं, कारण "विदर्भात चिप बनते का?" हाही प्रश्न येतो.

एक फोटॉन म्हणजे किती प्रकाश? एक मिलिवॉटचा हिरवा लेसर पॉइंटर घ्या, फळ्यावर दाखवायला वापरतो तसला. त्यातून एका सेकंदात जेवढे फोटॉन निघतात तो आकडा सत्तावीस कोटी गुणिले एक कोटी, असा येतो. ही चिप त्यातला एक, सुटा, एकटा फोटॉन टिपू शकते. दर वेळी टिपतेच असं नाही. निळ्या प्रकाशात शंभरांतले तीसेक पकडते, बाकीचे निसटतात. जाहिरातीत हा आकडा कुणी ठळक छापत नाही, म्हणून इथे छापतो.

एवढी बारीक चाहूल लागते कशी, ते ग्रामसभेवरून समजून घ्या. तीन मिलिमीटरच्या त्या चौकोनात सुमारे पावणेपाच हजार सूक्ष्म कप्पे आहेत. प्रत्येक कप्पा म्हणजे सभेत बसलेला एक गावकरी. त्याला बोलायची मुभा नाही, फक्त हात वर करायचा. हात वर किंवा हात खाली, अर्धा हात नाही. फोटॉन कप्प्यावर पडला की सिलिकॉनमधला एक इलेक्ट्रॉन सुटा होतो. कप्प्यावर आपण मुद्दाम उलट्या दिशेनं, सहन होण्याच्या मर्यादेपेक्षा दोन-तीन व्होल्ट जास्त दाब लावून ठेवलेला असतो. आमच्या पेटीत ही मर्यादा साडेचोवीस व्होल्टच्या आसपास आहे आणि आम्ही सत्तावीस-अठ्ठावीसवर चालवतो. सुटलेला इलेक्ट्रॉन त्या दाबाखाली पळत सुटतो, दुसऱ्याला धडकून त्याला मोकळं करतो, मग ते दोघं आणखी दोघांना. उतरंडीतलं खालचं मडकं ओढल्यावर व्हावं तसं होतं. एकाचे तीसेक लाख होतात, आणि तेवढा झटका साध्या सर्किटलाही कळतो. प्रत्येक कप्प्यासोबत एक बारीक रोधक आहे. प्रवाह वाढला की तो दाब खाली पाडतो, कोसळणं थांबतं आणि सेकंदाच्या काही कोट्यांश भागात उतरंड पुन्हा रचून तयार होते.

एका कप्प्यावर एकाच वेळी दोन फोटॉन पडले तरी हात एकच वर होतो. म्हणून चिप मोजते ती हातांची संख्या. प्रकाश थोडा असेल तर हात आणि टिपलेले फोटॉन यांचा आकडा जवळजवळ एकच. प्रकाश फार वाढला की सगळी सभा हात वर करून बसते आणि मोजण्यात काही अर्थ उरत नाही.

तुमच्याकडे सीआरओ (विजेचे झटके पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर पेटीच्या मागच्या सॉकेटला जरूर जोडा. पडद्यावर सरसकट गोंधळ दिसणार नाही, पायऱ्या दिसतील: एका हाताची उंची, दोन हातांची, तीन हातांची, आणि मधे रिकामी जागा. पोरांना पहिल्यांदा हे दाखवताना आम्हाला आजही मजा येते, आणि आमच्या मते पेटीचे अर्धे पैसे इथेच वसूल होतात. एक सावधगिरी मात्र बाळगा. "पाहा, प्रकाश दाणेदार असतो हे सिद्ध झालं," असं वर्गात म्हणू नका. त्या पायऱ्या कप्प्यांच्या आहेत, आणि कप्पा मुळातच हो किंवा नाही एवढंच सांगतो. मागच्या बाकावरचं एखादं चौकस पोरगं हा मुद्दा काढतंच, आणि ते बरोबर असतं.

आता मूळ गाऱ्हाण्याकडे

सभेत कुणी डास हाकलायला हात वर केला तर? मोजणाऱ्याला ते कळत नाही, तो एक मत धरतो. चिपमध्ये हेच होतं. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन फोटॉनशिवायही सुटतो, नुसत्या उष्णतेनं. कप्पा तयारच बसलेला असतो, त्याला इलेक्ट्रॉन कुठून आला याच्याशी देणंघेणं नाही. उतरंड कोसळते, आकडा चढतो. याला डार्क काउंट म्हणतात. तीन मिलिमीटरच्या आपल्या चिपमध्ये वीस-एकवीस अंश तापमानाला असे सेकंदाला सुमारे तीन लाख हात वर होतात. होय, लाख. ठार अंधारात.

शिवाय दोन खोडी आहेत. उतरंड कोसळताना सिलिकॉन स्वतःच अगदी अंधूक प्रकाश सोडतं आणि तो शेजारच्या कप्प्याला लागतो. शेजाऱ्याचा हात पाहून आपणही हात वर करणारे गावात असतातच. याला क्रॉसटॉक म्हणतात, अंधारातही दोन हातांची पायरी दिसते ती यामुळे. दुसरी खोड म्हणजे काही इलेक्ट्रॉन सिलिकॉनच्या दोषांत अडकून मागाहून सुटतात, मग तोच कप्पा पुन्हा हात वर करतो. ही कमी छळते.

आणि इथे आपल्या हवेचा संबंध येतो. सिलिकॉनचा ढोबळ हिशोब असा की दर आठ-दहा अंशांना डार्क काउंट दुप्पट होतात. चिपच्या कागदावरचे आकडे एकवीस किंवा पंचवीस अंशांचे असतात. तो कागद लिहिणाऱ्यानं चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना पाहिलेला नसतो. पत्र्याच्या छताखालच्या प्रयोगशाळेत एकेचाळीस अंश झाले की तीन लाखांचे बारा लाख झाले समजा, किंवा जास्तच. पेटी तीच, चिप तीच.

उन्हाळा आणखी एक काम करतो. साडेचोवीस व्होल्टची ती मर्यादा दर अंशाला सुमारे वीस मिलिव्होल्टनं वर सरकते. वीस अंश वाढले तर चार दशांश व्होल्ट. ऐकायला कमी वाटतं, पण आपण मर्यादेच्या वर चालतोच मुळी तीन व्होल्ट, त्यातले चार दशांश गेले म्हणजे झटका सात-आठव्या हिश्शानं लहान झाला. पहिल्या खेपेच्या पेट्यांत आम्ही याची भरपाई करणारं सर्किट घातलं नव्हतं. जानेवारीत जुळवून दिलेल्या पेट्यांची मोजणी एप्रिलमध्ये घसरली आणि आम्ही महिनाभर सोल्डरिंगमध्ये दोष शोधत बसलो. आता प्रत्येक चिपशेजारी तापमान मोजणारा सेन्सर आहे आणि दाब आपोआप सरकतो. तुमची पेटी पहिल्या खेपेतली असेल (झाकण करड्या रंगाचं) तर दुरुस्ती फुकट करून देऊ.

मग एवढ्या गोंगाटात पेटीचा उपयोग काय? दोन युक्त्या आहेत. पहिली म्हणजे उंबरठा. समोरचं काळं बटण ठरवतं की एका वेळी किती हात वर झाले तर मोजायचं. आम्ही ते सहावर ठेवून पाठवतो. आकाशातला कण एक सेंटिमीटर प्लास्टिकमधून गेला की वीसेक हजार फोटॉन निघतात, त्यातला थोडाच भाग चिपपर्यंत पोचतो, तरी कितीतरी हात एकदम वर होतात. डास हाकलणारे तेवढे एकदम उठत नाहीत. बहुतेक फोन येतात ते कुणीतरी हे बटण एकवर आणून ठेवल्यावर.

दुसरी युक्ती म्हणजे दोन गावांच्या सभा. दोन्ही वड्या एकावर एक ठेवा आणि दोन्हीकडे एकाच वेळी हात वर झाले तरच मोजा. एकाच वेळी म्हणजे एकीच्या आधी किंवा नंतर सेकंदाच्या एक कोटीव्या भागात दुसरी. समजा प्रत्येक वडी सेकंदाला पन्नास खोटे आकडे देते. तर योगायोगानं दोघींचे जुळण्याची वेळ अर्ध्या तासात एखादी. खरे कण मात्र मिनिटाला वीसेक येतात. हाच हिशोब उंबरठा एकवर ठेवून, तीन लाखांनी करून पाहा: खोटे जुळणारे आकडे सेकंदाला अठरा हजार येतात. बारावीच्या पोरांना हा गुणाकार फळ्यावर करायला लावा, बटणाचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही.

हे कण म्हणजे म्युऑन. अंतराळातून आलेले किरण हवेच्या वरच्या थरात, पंधराएक किलोमीटरवर आदळतात आणि त्यातून ते जन्मतात. जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक, म्हणजे आपल्या वडीवर पंचवीस. म्युऑनचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या २.२ पट, तेवढ्यात प्रकाशाच्या वेगानंही साडेसहाशे मीटरच जाता येतं. तरी तो आपल्या टेबलापर्यंत पोचतो, कारण वेगानं पळणाऱ्याचं घड्याळ सावकाश चालतं. सापेक्षतेचा हा पुरावा पॉवरबँकवर चालतो, लोडशेडिंगमध्येसुद्धा. सहल चिखलदऱ्याला जाणार असेल तर पेटी सोबत न्या. अकराशे मीटरवर आकडा थोडा वाढतो, मात्र दोन्हीकडे निदान तीन-तीन तास मोजा, नाहीतर फरक आहे की नशीब ते कळणार नाही. पेटी तिरपी केली की मोजणी घटते, हा प्रयोग तर वर्गातच होतो.

डार्क काउंटचाच प्रयोग करायचा असेल तर: उंबरठा एकवर, चिपचा भाग पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट बांधून कोरड्या माठात ठेवा, माठ ओल्या रेतीत. दर अर्ध्या तासानं तापमान आणि आकडा लिहा. मग भर दुपारी बाहेर काढून पुन्हा. पिशवी मात्र नीट बांधा, चिपवर दव जमलं तर ते वॉरंटीत बसत नाही.

लोक आणखी काय विचारतात

कृषी केंद्रवाले एक भाऊ पेटी पाहायला आले आणि पोटॅशच्या पोत्याजवळ आकडा का वाढला म्हणून घाबरले. घाबरू नका. पोटॅशियममध्ये निसर्गतःच किरणोत्सारी अंश थोडा असतो, म्युरेट ऑफ पोटॅशच्या एका ग्रॅममध्ये सेकंदाला पंधराएक अणू फुटतात. केळ्यात, आपल्या अंगातही तो आहे. एका वडीचा आकडा वाढतो, जुळणारा आकडा फारसा हलत नाही, तोही एक धडाच. पण ही पेटी किरणोत्साराची सुरक्षितता तपासायचं प्रमाणित यंत्र नाही, त्यासाठी वापरू नका.

गुप्तधन शोधता येतं का, असं आतापर्यंत तिघांनी विचारलं. नाही येत. प्रश्न मात्र अगदीच वेडगळ नाही. भौतिकशास्त्रज्ञ लुई अल्वारेझ यांनी इजिप्तमधल्या खाफ्रेच्या पिरॅमिडमध्ये म्युऑन मोजून छुपी खोली आहे का ते पाहिलं होतं (१९७० साली प्रसिद्ध केलं, खोली सापडली नाही), आणि २०१७ मध्ये खुफूच्या पिरॅमिडमध्ये याच रीतीनं मोठी पोकळी दिसली. त्याला महिनोन्‌महिने मोजणी लागली आणि पोकळी कित्येक मीटरची होती. तुमच्या वाड्यातला हंडा त्यात दिसायचा नाही.

जुन्या काचेच्या फोटोमल्टिप्लायर नळीपेक्षा (तीही अंधूक प्रकाशच टिपते) हे चांगलं का, असं जुने प्राध्यापक विचारतात. मोठ्या क्षेत्रासाठी नळी आजही सरस, आणि तेवढ्याच क्षेत्रफळाला तिचा अंधारातला गोंगाट फार कमी. पण तिला हजार व्होल्ट लागतात, ती फुटते, आणि चालू असताना उजेडात उघडली की खराब होते. आपली चिप चालू असताना कुणी झाकण उघडलं तरी सहसा मरत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची वस्तू अशीच हवी. युरोपातल्या सर्न या कण-संशोधन केंद्रात आणि नव्या पेट स्कॅन यंत्रांत अशाच चिपा बसवल्या आहेत. काही मोबाइलमध्ये अंतर मोजणारा सेन्सर असतो, तोही याच कुळातला.

काळजीचं थोडक्यात. स्वस्त काळी टेप उजेड आरपार सोडते, दिसत नाही पण चिपला दिसतं, म्हणून आम्ही दिलेलीच वापरा. पाण्याची मोटर किंवा वेल्डिंग एकाच लाइनवर असेल तर सुरू होताना दोन्ही वड्यांत एकदम खोटे झटके येतात. मोजणी पॉवरबँकवर करा, स्वस्त इन्व्हर्टरवर तर नकोच.

फोन करण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा: खोलीचं तापमान, बटण कितीवर आहे, एकेका वडीचा आकडा आणि जुळणारा आकडा. निम्म्या तक्रारी त्या लिहितानाच सुटतात. नंबर मागच्या बाजूला आहे. पेरणीच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा आम्ही वावरात असतो आणि तिथे रेंज नाही.