मॅच-थ्री गेमचे रंग नुसते गोड असून काय उपयोग

इंदूरच्या सिटी बसमध्ये बघा नाहीतर लग्नाच्या हॉलमध्ये पंगत बसायच्या आधी, निम्म्या मावशी-काकू मान खाली घालून मोबाइलवर तीन-तीन गोळ्या जुळवत असतात. गेम कसाय विचारलं की पहिलं उत्तर रंगांचंच, "कलर काय मस्त आहेत गं!" आता मस्त असतीलही, पण माझ्या मते ह्या गेममध्ये पॅलेटला, म्हणजे निवडलेल्या रंगांच्या संचाला, मार्क द्यायचे तर आधी एकच बघायचं, शेजारचे दोन रंग डोकं न लावता वेगळे कळतात का.

मुळात रंग किती, ह्यावरच गेम सोपा की अवघड ते बरंचसं ठरतं. गोळ्या रँडम पडतायत असं धरलं तर कुठल्याही तीन घरांत एकच रंग यायची शक्यता ४ रंग असतील तर १६ मध्ये १, ६ रंगांना ३६ मध्ये १ आणि ७ रंगांना थेट ४९ मध्ये १. म्हणजे गेम अवघड करायला रंग वाढवायचे, आणि रंग वाढवले की ते एकमेकांच्या जवळ सरकणार, डिझायनरची खरी गोची इथे होते.

जवळ म्हणजे काय, तर नुसतं लाल-निळं असं नाही, उजळपणाही धरायचा. स्क्रीनवरच्या शुद्ध पांढऱ्याचा उजळपणा १०० धरला तर त्यात हिरव्याचा वाटा साधारण ७२, लालचा २१ आणि निळ्याचा फक्त ७. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणून तो ९३ वर जातो, आणि त्यामुळे पिवळा-निळा ही जोडी कधी दगा देत नाही. पण शुद्ध लाल २१ आणि राणी कलर २८, आता ह्यांच्यातला फरक सगळा छटेवरच उभा.

वहिनीने मध्यंतरी एक गेम टाकला होता, फिकट गुलाबी, पीच, लॅव्हेंडर, पिस्ता, आकाशी, स्क्रीनशॉट काढून भिंतीवर लावावा असा. ती म्हणे, "भाऊजी, ह्यात मी सारखी चुकते, नंबर वाढलाय की काय चष्म्याचा?" मी तिच्या फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन ग्रेस्केल चालू केलं तर अख्खा बोर्ड एकसारखा राखाडी, पीच कुठला नि पिस्ता कुठला काही पत्ता नाही. चष्मा बिचारा ठीकच होता. पेस्टल म्हणजे प्रत्येक रंगात भरपूर पांढरा, सगळे उजळ आणि सगळे फिके, मग डोळ्याला धरायला उरतं काय? ड्रेस मटेरियलला छान आहेत ते रंग, घाईत जुळवायला नाहीत.

आमच्या मामांची गोष्ट अजून वेगळी. त्यांना लाल-हिरव्यात गडबड होते, सिग्नलला वरचा दिवा की खालचा ह्यावरून गाडी थांबवतात. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, त्यातल्या दोन साधारण ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतात, म्हणजे मुळातच शेजारी-शेजारी, आणि त्यातली एक नसली किंवा सरकलेली असली की लाल-हिरव्याचा घोळ. ह्यांचे जीन एक्स क्रोमोसोमवर, पुरुषांकडे तो एकच, म्हणून हा प्रकार पुरुषांत जास्त, युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर दर १२ मध्ये साधारण एकाला. मामांना जांभळ्या आणि निळ्या गोळ्याही सारख्याच वाटतात, कारण जांभळ्यातला लाल भागच त्यांना नीट पोचत नाही. आणि कँडीवाल्या गेममध्ये निळी नि जांभळी दोन्ही असतातच!

म्हणून आकार हवा. रंगपंचमीच्या गेरमधून, म्हणजे इंदूरच्या रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीतून, राजवाड्याकडून परत येणारी माणसं सगळी एका रंगाची झालेली असतात तरी आपण लांबूनच चालीवरून, अंगकाठीवरून ओळखतो ना, तसंच. २००१ च्या बिजवेल्ड ह्या गेममध्ये ७ रत्नं होती आणि प्रत्येकाचा आकार निराळा, २०१२ मध्ये आलेल्या कँडी क्रश सागातही प्रत्येक रंगाची कँडी वेगळ्या घडणीची. मात्र आकार आणि रंग जोडीनेच बदलायला पाहिजेत. मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीसमन आणि गॅरी जेलेड यांनी १९८० मध्ये मांडलं की एकाच गुणाने वेगळी असलेली वस्तू गर्दीतून आपोआप डोळ्यात भरते, पण "लालही आणि गोलही" अशी दोन गुणांची सांगड घालून शोधायची तर लक्ष एकेका वस्तूवर न्यावं लागतं. त्यामुळे ज्या गेममध्ये लाल गोल, लाल चौकोन, निळा गोल असं सगळं मिसळलेलं असतं, तिथे आपण हळू पडतो. कोडं म्हणून ठीक, टाइमपास म्हणून डोकेदुखी.

अजून एक, गेम खेळला जातो कुठे? दुपारी बसच्या खिडकीशी ऊन स्क्रीनवर पडतं, तो उजेड सगळ्याच रंगांत मिसळतो आणि गडद रंगांतले फरक आधी मरतात, नेव्ही ब्ल्यू आणि गडद जांभळा एकच. रात्री उलट, नाइट मोड निळा कमी करतो, पांढरा पिवळट होतो आणि पांढऱ्या-पिवळ्या गोळ्या एकमेकींच्या जवळ येतात. वहिनी खेळते ती रात्री अकरानंतर, नाइट मोड लावून, म्हणून तिला आता जो गेम टाकून दिलाय त्यात पांढरी गोळीच नाही, पिवळी चांदणीच्या आकाराची आहे आणि पार्श्वभूमी गडद करड्या रंगाची. तिचं मत, "कलर जरा भडक आहेत."