विद्यार्थ्यांची व्यवसाययोग्यता (ब्रिटन)

वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, समाजकार्य यांसारखे अभ्यासक्रम शिकणारा विद्यार्थी त्या व्यवसायात उतरण्यास लायक आहे का, हे तपासण्याची ब्रिटिश विद्यापीठांतील प्रक्रिया. तिकडे ती ‘फिटनेस टू प्रॅक्टिस’ या नावाने ओळखली जाते. इथे नुसते पेपर सुटून भागत नाही. वागणूक आणि प्रकृतीही पाहिली जाते.

डॉक्टरांची नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिलकडे असते, विद्यार्थ्यांची नसते. म्हणून त्यांच्याविषयीच्या तक्रारी विद्यापीठच हाताळते. त्यासाठी या कौन्सिलने मेडिकल स्कूल्स कौन्सिल या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेसोबत २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढली. पुढे डॉक्टर म्हणून नोंदणीचा अर्ज करताना मात्र जुन्या चौकशांची माहिती द्यावी लागते आणि नोंदणी द्यायची की नाही, हे जनरल मेडिकल कौन्सिल ठरवते.

समजा, एकाने वॉर्डात पाऊल न टाकता हजेरीच्या कागदावर वरिष्ठांची खोटी सही ठोकली. इतर शाखांत हे प्रकरण शिस्तभंगापाशी थांबेल. इथे पुढचा प्रश्न येतो: उद्या हाच माणूस न मोजलेला रक्तदाब केसपेपरवर लिहिणार नाही कशावरून? शिक्षा करणे हा हेतू नसून रुग्णाची सुरक्षितता आणि व्यवसायावरचा लोकांचा विश्वास जपायचा असतो. त्यामुळे चूक कबूल करून सुधारलेल्या विद्यार्थ्याकडे निर्णय देणारी विद्यापीठाची समिती वेगळ्या नजरेने पाहते.

किरकोळ बाबी शिक्षक समज देऊन मिटवतात. गंभीर प्रकरणाचा तपास होऊन ते समितीपुढे जाते. तपास करणारी व्यक्ती निर्णयाला बसत नाही. पुराव्याची कसोटी दिवाणी दाव्यासारखी, म्हणजे घटना घडली असण्याची शक्यता अधिक आहे का, एवढीच. समिती ताकीद देते, अटी घालते, निलंबित करते किंवा अगदीच नाइलाज झाल्यास काढून टाकते. रुग्णांना धोका वाटला तर निकालाआधीच वॉर्डातले काम थांबवता येते.

आजारपण हा दोष मानला जात नाही. नैराश्य किंवा व्यसनाशी झगडणारा विद्यार्थी उपचार घेत असेल, तर तो बहुधा शिकत राहू शकतो. अडचण येते ती आजार लपवल्याने किंवा उपचार नाकारल्याने. पण चौकशीच्या धास्तीनेच मुले आजार लपवतात, आणि या व्यवस्थेची खरी दुखरी जागा हीच आहे. म्हणून आधार देणारे शिक्षक आणि चौकशी करणारे शिक्षक वेगळे असणे फार गरजेचे ठरते.

विद्यापीठातले अपील संपल्यावर इंग्लंड व वेल्समधील विद्यार्थ्याला १२ महिन्यांच्या आत ‘ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट ॲडज्युडिकेटर’ या विद्यार्थ्यांच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाकडे दाद मागता येते. हे कार्यालय विद्यार्थ्याची लायकी स्वतः ठरवत नाही. विद्यापीठाने नियम पाळले का आणि निर्णय वाजवी होता का, हे पाहते. स्कॉटलंडमध्ये अशी तक्रार लोकपालाकडे जाते.